थंडीतून उपसलेली ऊब



दिवसभर उन्हाने तापलेली घाटाची फरशी अजून निवलेली नाही, आणि अशा वैशाखातल्या संध्याकाळी आम्ही आपल्यापुढे थंडीवर बोलायला उभे आहोत. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की, हा युनियनचा माणूस. हा बोनसवर आणि कंत्राटी कामगारांवर बोलेल. त्या विषयांवर आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर तीस वर्षे बोलतच आलो आहोत. आज एका यंत्राविषयी बोलावे असे मनात आहे. परंतु यंत्राविषयी बोलू लागले की त्याला हात लावणाऱ्या माणसापर्यंत यावेच लागते, तेव्हा चिटणीसांची अगदीच निराशा होणार नाही.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटरच्या बाकावर आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे शास्त्रज्ञाचा अधिकार आमच्याकडे नाही. यंत्र उघडले जात असता जवळ उभे राहून पाहिलेल्या माणसाचा जेवढा अधिकार, तेवढाच आमचा समजावा.

आमची थोरली मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराच्या एका उपनगरात राहते. तिच्या बाळंतपणासाठी 2025 च्या जानेवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपण द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतो आणि वर्तमानपत्रे मथळे देतात. मिनिआपोलिसला जानेवारीतली नेहमीची रात्र शून्याखाली तेरा-चौदा अंशांची असते, आणि त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर पारा उणे 25 च्या आसपास गेला. त्या थंडीचे वर्णन करण्यात वेळ दवडत नाही. नाकातले केस गोठतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

बाळंतपणाच्या घरात पुरुषमाणसाला काम नसते. आमची मंडळी डिंक आणि अळीव यांत गुंतलेली. आम्ही आणि जावईबापू गॅरेजमध्ये. तिकडे गॅरेज म्हणजे मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान नव्हे. घराला लागून असलेली, दोन मोटारी राहतील अशी ही खोली असते. ही खोली साधारण 24 फूट चौरस, लाकडी सांगाड्याची, खाली काँक्रीटची जमीन, आणि समोर 16 फूट रुंद पत्र्याचे दार. एका कडेला जावईबापूंनी लहानसा लेथ, व्हाइस आणि सुतारकामाचे बाक मांडले होते. बाळासाठी ते स्वतःच्या हाताने पाळणा करीत होते. बारशाच्या आत तो पुरा करायचा, असा त्यांचा हट्ट.

पण पाळणा अडला होता. लाकूड कापून, रंधून तयार होते. सांधे जुळवायचे तर आपल्याकडच्या फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस दहा अंशांखाली नीट धरत नाही, खडूसारखा भुरभुरा होतो. गॅरेजमध्ये तर पाणी गोठत होते. शिवाय बोटे. ज्यांनी हाताने काम केले आहे त्यांना सांगावयास नको की, गारठलेल्या बोटांना पटाशीची धार कळत नाही. कामाच्या जागेची ऊब ही चैन आहे असे मालक आम्हांस नेहमी सांगत आले. आमचे उत्तर असे की, ऊब हे हत्यार आहे. इंग्लंडात कामाच्या जागांसाठी जी नियमसंहिता आहे तिच्यात किमान 16 अंश, आणि अंगमेहनतीचे काम असेल तर 13 अंश असावेत, असे मार्गदर्शन आहे. तो आकडा दयेपोटी आलेला नाही.

आता जावईबापूंनी काही केले नव्हते असे नाही. त्यांनी एक लहान प्रोपेन गॅसची शेगडी आणली होती. ती पेटवली की अर्ध्या तासात डोके जड होई. बंद खोलीत धुराड्याशिवाय जळणारी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची भीती. त्याला वास नाही, रंग नाही. दुसरी गोष्ट आमच्या फिटरच्या डोळ्याला दिसली. गॅस जळताना पाण्याची वाफही निर्माण होते. ती वाफ थंडगार लोखंडावर दवासारखी बसत होती आणि लेथच्या बेडवर तांबूस गंज चढू लागला होता. म्हणजे माणसाला डोकेदुखी आणि यंत्राला गंज, अशी ती ऊब होती. घराच्या मुख्य भट्टीची नळी गॅरेजमध्ये का सोडत नाही, असे आम्ही विचारले. तिकडच्या बांधकामनियमांत त्याला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. मोटारीचा धूर त्याच वाटेने माणसांच्या खोल्यांत शिरेल.

आणि भिंतीवर, बंधूंनो, एक यंत्र मुकाट्याने बसले होते. पाहताच आम्हांस हसू आले, कारण तो आपल्याकडच्या बँकेत असतो तसला स्प्लिट एसी होता. एक पेटी आत, एक बाहेर, मध्ये तांब्याच्या दोन नळ्या. आम्ही म्हटले, “जावईबापू, या बर्फात तुम्ही गारवा कशाला विकत घेतलात?” ते म्हणाले, “बाबा, हा उलटा चालतो. बाहेरची उष्णता आत आणतो. म्हणजे आणायला हवा. महिनाभर चालला आणि बंद पडला.”

बाहेरची उष्णता! बाहेर उणे 20 अंश. तिथे कसली आली उष्णता? आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न उभा राहिला असेल, म्हणून प्रथम तो सोडवू.

थंड ही वस्तू नाही. थंड म्हणजे कमी उष्ण. पदार्थातली उष्णता जिथे संपते ते टोक शून्याखाली 273 अंशांवर आहे. त्या टोकापासून मोजले तर उणे 20 अंशांची हवा 253 अंश वर आहे. तिच्यात उष्णता भरपूर आहे, फक्त ती खोल आहे. हे समजायला आपल्याला विहिरीची मोटर पुरेशी आहे. मोटर पाणी निर्माण करीत नाही. विहिरीत असलेले पाणी ती वर उपसते, आणि विजेचा खर्च होतो तो उचलण्याचा. उष्णतेचेही तसेच. विजेची शेगडी एक युनिट वीज जाळून एकच युनिट उष्णता देते. हा पंप एक युनिट वीज खर्चून बाहेरची उष्णता आत आणून टाकतो. बाहेर सात-आठ अंश असताना चांगले यंत्र तीन-चार युनिटे उष्णता देते. उणे 15 ला दोनाच्या आसपास. उणे 25 ला दीडच्या जवळपास. विहिरीची पातळी खाली गेली की त्याच मोटरीचे पाणी कमी पडते, तसाच हा प्रकार. शास्त्राची वरची मर्यादा काढायची तर आत 16 आणि बाहेर उणे 20 असताना 289 ला 36 ने भागावे. उत्तर आठ येते. प्रत्यक्ष यंत्र त्या आठातले दोन हाती देते, बाकीचे घर्षणात आणि इतर तोट्यांत जातात. माणसाच्या करणीला अजून वाव आहे, एवढाच याचा अर्थ.

उपसण्याचे काम करतो तो नळ्यांतला वायू. या यंत्रातला वायू मोकळ्या हवेच्या दाबाला उणे 51 अंशांवर उकळतो. पाणी शंभरला उकळते, हा उणे 51 ला! म्हणून उणे 20 ची हवासुद्धा त्याच्या दृष्टीने चुलीसारखी आहे. बाहेरच्या पेटीत तो द्रव असतो, हवेतली उष्णता घेऊन उकळतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. सायकलचा पंप मारताना नळकांडे तापते, हे आपण पाहिले आहे. तशी ती वाफ तापते. आतल्या पेटीत येऊन ती पुन्हा द्रव होते आणि घेतलेली सगळी उष्णता खोलीत सोडते. मग एका बारीक वाटेतून दाब उतरवून तो द्रव परत बाहेर. उन्हाळ्यात एक झडप फिरवली की हेच चक्र उलटे होते आणि आपल्या परिचयाचा एसी तयार होतो.

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी 1852 साली ती मांडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठागरातले खारे पाणी आटवण्यासाठी असे यंत्र चालवले. झुरिच शहराच्या सभागृहाला 1938 साली नदीच्या पाण्यातून ऊब आणून दिली गेली. आपल्या गोदेसारखीच नदी, आणि तिच्या थंड पाण्यातून सभागृह गरम! मात्र कडाक्याच्या थंडीत घराघरांत ते चालावे याला बराच काळ लागला. 1980 च्या दशकात जपानी कारखान्यांनी कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त करणारी इन्व्हर्टर पद्धत प्रचारात आणली. वीज गेल्यावर दिवे लावणारा आपला इन्व्हर्टर तो हा नव्हे. पुढे, दाबतेवेळी वायू फाजील तापू नये म्हणून मधल्याच टप्प्यावर थोडा थंड वायू आत सोडण्याची युक्ती निघाली. आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या बर्फाच्या देशांत ही यंत्रे घरोघर दिसतात.

मग जावईबापूंचे यंत्र का बंद पडले? ते बसवणारा माणूस स्वस्तातला होता. तो कोण, हे सांगण्याचे कारण नाही. तसा माणूस प्रत्येक गावात असतो. संक्रांतीनंतर पारा जरा चढला तेव्हा जावईबापूंनी दुसऱ्या एका कारागिराला बोलावले. पिकल्या मिशांचा, साठीच्या घरातला गडी. त्याच्या टोपीवर युनियनचे चिन्ह पाहून आम्हांस आपला गाववाला भेटल्यासारखे झाले. तो पाइपफिटरांच्या युनायटेड असोसिएशनचा सभासद होता. ही संघटना 1889 सालची. तिच्यात कारागीर होण्यासाठी पाच वर्षे उमेदवारी करावी लागते; दिवसा पगारी काम, त्याच्या जोडीला वर्ग. आमच्या मोडक्या इंग्रजीत आम्ही सांगितले की आम्हीही फिटर आणि आम्हीही युनियनवाले. त्याने हातमोजा काढून हात पुढे केला.

मग त्याने जे काम केले ते आम्ही दोन तास उभ्याने पाहिले. तांब्याच्या नळीचे तोंड कर्ण्यासारखे फुलवून नटाने आवळतात, तो सांधा पहिल्या माणसाने वाकडा केला होता. तिथून वायू गळत होता. उरलेला वायू त्याने हवेत सोडला नाही, टाकीत भरून घेतला. त्यांच्याकडे तो कायदा आहे, आणि अशा वायूला हात लावायलाही परवाना लागतो. यात शिष्टाचाराचा भाग नाही. यंत्रातल्या त्या वायूचा एक किलो हवेत गेला तर पृथ्वी तापवण्याच्या कामी तो सुमारे दोन टन कर्बवायूइतका पडतो. मग त्याने नळी कापून नवे तोंड फुलवले आणि दाब मोजणाऱ्या पान्याने ठरल्या जोरानेच आवळले. नायट्रोजन भरून गळती तपासली. नंतर व्हॅक्यूम पंप लावला. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरांइतका असतो. नळीतला दाब अर्ध्या मिलिमीटरापर्यंत उतरेपर्यंत त्याने पंप काढला नाही. आम्ही घड्याळ पाहू लागलो तेव्हा तो म्हणाला, “आत राहिलेली ओल दिसत नाही. ती दोन वर्षांनी कॉम्प्रेसर खाते.” शेवटी वायू तराजूवर तोलून भरला.

दुसरी चूक बाहेर होती. पेटी जमिनीला टेकवून ठेवली होती. गार हवेतली दमट वाफ बाहेरच्या पंख्यामागच्या जाळीवर हिमासारखी बसते. ते वितळवण्यासाठी यंत्र अधूनमधून काही मिनिटे स्वतःच उलटे चालते. त्या वेळी आत ऊब येत नाही आणि बाहेर पाणी गळते. पेटी जमिनीलगत असल्याने ते पाणी तिथेच गोठले, बर्फ चढत चढत पंख्याच्या पात्यांना लागले. कारागिराने पेटी दोन फूट उंच घोडीवर चढवली आणि तळाशी पाणी गोठू न देणारी लहान विजेची तार बसवली.

यंत्र सुरू झाले. आणि, बंधूंनो, खोली तरीही गरम होईना! आम्हांस वाटले, पुन्हा फसलो. कारागीर दाराकडे बोट दाखवून म्हणाला, “मी पंप दुरुस्त केला. तुमची टाकी फुटकी आहे.”

त्या रात्री जावईबापूंनी हिशेब मांडला. छताला अस्तर नाही, भिंती पोकळ, दार नुसता पत्रा, दाराखालून वारा. आत 16 आणि बाहेर उणे 20 ठेवायचे तर दर क्षणी सुमारे दहा किलोवॉट उष्णता निसटत होती. यंत्र एक टनाचे. एसीचा टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. जुन्या काळी एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागे तेवढी उष्णता, म्हणजे साडेतीन किलोवॉट. साडेतीनची आवक आणि दहाची जावक! घरखर्चात असे झाले तर काय होते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कुणीही म्हणेल, तीन टनांचे यंत्र घ्या. आम्ही उलट केले. चार दिवस आम्ही सासरे-जावई शिडीवर होतो. छतावर आणि भिंतींत ग्लासवूल भरले, आतून पत्रे मारले. दाराला त्यासाठीच बनवलेल्या फोमच्या पट्ट्या बसवल्या. उघडा फोम गॅरेजमध्ये आगीला आमंत्रण असतो, म्हणून खास दाराच्या घेतल्या. कडांना आणि तळाला रबर लावले. नवा हिशेब तीन किलोवॉटांच्या आत आला. तेच यंत्र आता पुरे पडू लागले. उणे 25 ची रात्र आली तेव्हा सकाळी गॅरेजचा पारा तेरा अंशांवर होता. आम्ही हातमोजे काढले.

यातले काही व्यवहार सांगून ठेवतो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले तशा मुलखांत आहेत. यंत्र घेताना उणे 25 ला ते किती उष्णता देते हे कागदावर पाहावे. पेटीवरचा मोठा आकडा सौम्य हवेतला असतो. पुष्कळ यंत्रे 16 च्या खाली लावता येत नाहीत. काम नसताना दहा अंशांवर ठेवायचे असेल तर तशी सोय आहे का ते विचारावे. रोज संध्याकाळी शून्यावरून गरम करण्यापेक्षा मंद ऊब कायम ठेवणे बरे, कारण काँक्रीटची जमीन आणि लोखंड तापायला फार वेळ घेतात आणि तोवर त्यांवर दव बसते. मात्र आठवड्यातून दोनच तास बसायचे असेल तर हा खटाटोप करू नये. बाकावर एक विजेची शेगडी पुरे. आणि जिथे नळाने येणारा गॅस स्वस्त आहे तिथे हे यंत्र बिल कमी करीलच असे नाही. त्याचा खरा लाभ धूर नाही, ज्योत नाही, गंज नाही, हा आहे.

पाळणा झाला. सांधे धरले. फेब्रुवारीत बारसे झाले, आणि आमच्या नातीला ज्या पाळण्यात घातले त्याच्या एका खुरावर आमच्या पटाशीची थोडी वाकडी रेघ आहे. ती थंडीच्या दिवसांतली.

आता शेवटचे. परत आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. गंगापूर रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक विशीतला पोरगा स्प्लिट एसीची बाहेरची पेटी बसवत होता. पाय वीतभर छज्जावर, एक हात खिडकीच्या गजाला, कमरेला दोर नाही. नळ्या जोडल्यावर त्याने व्हॅक्यूम पंप लावला नाही. थोडा वायू सोडून नळीतली हवा हाकलली आणि खाली उतरला. आम्ही त्याला थांबवून विचारले. तो म्हणाला, “काका, दिवसाला सहा मशिनी बसवायच्या. पंप लावला तर तीनच होतात. दोर मागितला तर म्हणतात, भीती वाटते तर घरी बस.”

बंधूंनो, यंत्र तेच आहे. वायू तोच, तांबे तेच, फुलवलेले तोंड तेच. मिनिआपोलिसच्या त्या म्हाताऱ्याला दोन तास मिळाले, पाच वर्षांची उमेदवारी मिळाली. आमच्या पोराला सहा मशिनी मिळाल्या. तो पोरगा बुद्धीने कमी नाही. आपल्या आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यातून निघालेली मुले चोख काम करतात. पण त्या चोख कामाला लागणारा वेळ कुणी विकत घ्यायला तयार नसेल, तर शिकलेले हातही घाईचे होतात. 1948 च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागी सुसह्य तापमान असावे असा शब्द घातला होता. छज्जावर लोंबणाऱ्या मुलाच्या कामाच्या जागेला भिंतीच नाहीत. त्याचे तापमान कोण मोजणार?

युनियन म्हणून आम्ही त्या मुलांना गोळा करू लागलो आहोत. सतरा जण झाले आहेत. मागण्या तीनच: कमरेला दोर, हाताला पंप, आणि एका यंत्राला पुरेसा वेळ. पण अर्धे काम आमच्या हातात नाही, ते इथे बसलेल्यांच्या हातात आहे. उद्या आपल्या घरी एसी बसवायला कुणी आले तर त्याला दोन प्रश्न विचारा. दोर आणला आहेस का? व्हॅक्यूम पंप आणला आहेस का? नाही म्हणाला तर त्याला रागावू नका, त्याला पाठवणाऱ्याला फोन करा आणि सांगा की, आम्ही एक दिवस थांबू.

ऊब काय किंवा गारवा काय, यंत्र ते निर्माण करीत नाही. इकडून उपसून तिकडे नेते. उचलण्याची किंमत कुणीतरी देतच असतो. ती आपण विजेच्या बिलात द्यावी, कारागिराच्या मजुरीत द्यावी. एखाद्या पोराच्या पायाखालच्या वीतभर छज्जावर ती टाकू नये, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.